जावयाची बाटली

प्रिय तारेला,

फोनवर तू रडतेस, मी ओरडतो आणि मध्येच टॉवर जातो, म्हणून हे पत्र. बोमामावशी सुक्या मासळीच्या टोपलीत घालून ते तुझ्यापर्यंत आणतील, तेव्हा कागदाला वास येईल, नाक मुरडू नकोस. खाडीच्या या काठाला आमच्या केमेबिरीची पोरं बंदुका घेऊन बसली आहेत, त्या काठाला तुमच्या ओलोयामाची. आणि मोठ्या बाजारात दोन्ही गावच्या बायका एकाच ताडपत्रीवर मासळी मांडून एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतात, भांडतात, संध्याकाळी एकाच बोटीने अर्ध्या वाटेपर्यंत परत येतात. या सगळ्या वेडेपणात ताळ्यावर असलेली एवढीच एक गोष्ट मला दिसते.

आई अजून शहरातल्या शवागाराच्या थंड खोलीतच आहे. पुराच्या आधी नेली, पूर आला, ओसरला, लोकांचे सुरण लावून झाले, तरी आई तिथेच. तिथला राखणदार आता मला लांबून ओळखतो. परवा म्हणाला, “पेरेबोकाका, म्हातारीला इथेच खोली भाड्याने घेऊन दिलीत की काय?” मी त्याला नीट सुनावलं. मग त्यानेच सांगितलं की तू बाजाराच्या निमित्ताने येऊन तिला पाहून गेलीस, तिचे केस विंचरून गेलीस. तू मला सांगितलं नाहीस. नाही सांगितलंस तेही बरं, मी त्यावरूनही ओरडलो असतो.

तुझ्याशिवाय तिला उचलता येत नाही, हे काय तुला मी सांगायला हवं? थोरल्या लेकीने कमरेला कापड बांधायचं, थोरल्या जावयाने पायाशी जिनची बाटली ठेवायची, मगच पेटी उचलायची. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आता ते वकिलालाही समजावून सांगावं लागतं, कारण आमच्या गावाने जमिनीच्या दाव्यासाठी वकील केला आहे आणि आईच्या मयताची बैठक त्या वकिलाने चालवली.

ती बैठक मी तुला जशी झाली तशी सांगतो, कारण तुमच्याकडे ती तिखटमीठ लावून पोचली असणार. पापा इगोनी अध्यक्ष. ते म्हणाले, जावई आला पाहिजे, बाटली त्याने स्वतःच्या हाताने आणली पाहिजे आणि ती धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत दिली पाहिजे. मी म्हटलं, धक्क्यावर कशाला? आई धक्क्यावर मेली का? बाटली घरात, तिच्या पायाशी ठेवतात. तेव्हा वकील घसा खाकरून म्हणाला की फोटोला उजेड लागतो. कोर्टात दाखवायला. ओलोयामाचा माणूस केमेबिरीच्या जमिनीवर बाटली घेऊन आला आणि केमेबिरीच्या वडीलधाऱ्याने ती घेतली, असा फोटो मिळाला की जमीन कोणाची हा प्रश्नच मिटतो म्हणे. वर मला बजावतो, “बाटलीवरचं लेबल स्पष्ट दिसलं पाहिजे.” मी विचारलं, आणि आईचा चेहरा? तो फोटोत हवा की नको? त्यावर पापा इगोनी म्हणाले, “पेरेबो, तू इंजिनं बघ.”

मी इंजिनंच बघतो. शाळेची पायरी चढलो नाही हे साऱ्या खाडीला माहीत आहे. पहिलं इंजिन मी आईच्या मासे कापायच्या सुरीने उघडलं, आणि वाचायला शिकलो ते त्याच इंजिनाच्या माहितीपुस्तकावरून. म्हणून मला ‘देवाची कृपा’ लिहायला यायच्या आधी ‘कार्बोरेटर’ लिहायला येत होतं. पण यंत्र का बंद पडलं ते शोधायचं तर उलट जायचं असतं, शेवटच्या बिघाडापासून पहिल्या बिघाडापर्यंत. आपल्या दोन गावांचं यंत्र बंद पडलंय, आणि पहिला बिघाड कुठे झाला ते पापा इगोनींना, तुमच्या वडीलधाऱ्यांना आणि दोन्ही वकिलांना माहीत आहे. फक्त कोणी झाकण उघडत नाही.

आई हे किती वेळा सांगायची आठवतं? कोळंबीच्या दिवसांत तुमच्या गावचे लोक आमच्या खाडीच्या तोंडाशी झोपड्या घालून राहायचे. आल्या दिवशी आपल्या आजोबांकडे जिनची एक बाटली घेऊन यायचे आणि म्हणायचे, आम्ही पाणी मागायला आलोय. आजोबा थोडी जमिनीवर ओतायचे, थोडी स्वतः प्यायचे, उरलेली पाहुण्यांबरोबर संपवायचे. झालं. ना भाडं, ना कागद. पुढल्या हंगामात पुन्हा बाटली. तेवढ्या बाटलीने सगळ्यांना कळायचं की घर कोणाचं आणि पाहुणा कोण, आणि पाहुण्याचा मान काय. आई लहान होती, आजोबांच्या मागे मागे जायची, आणि पाहुण्यांच्या बायका तिला भाजलेलं केळं द्यायच्या. तुझ्या सासूबाईंची आई त्यातलीच एक होती, असं ती छातीठोक सांगायची.

मग जमीन मोजणारा साहेब आला. होडीतून उतरलाही नाही म्हणे, बुटांना चिखल लागेल म्हणून. बसल्या बसल्या झोपड्यांतल्या माणसांना विचारलं, हे कुठलं गाव? त्यांना वाटलं, आपल्याला आपलं गाव विचारतोय. सगळे अभिमानाने एका सुरात म्हणाले, ओलोयामा. कोणीही हेच म्हणालं असतं. पाहुणा आपलं गाव थोडंच विसरतो? साहेबाने लिहून घेतलं आणि गेला. आजोबांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. पुढे तिथे तेल लागलं, लोखंडी तारेचं कुंपण आलं, आणि कुंपणाबाहेर निळ्या पत्र्याचा फलक लागला, ‘ओलोयामा क्षेत्र’. तेव्हा हसायला आजोबा नव्हते.

आणि त्या हंगामापासून बाटली यायची बंद झाली. कशी येईल? तेल कंपनी म्हणाली, ज्या गावाच्या जमिनीवर तेलाची विहीर ते यजमान गाव. यजमान गावाला नोकऱ्या, यजमान गावाला पाण्याची टाकी, यजमान गावच्या मुलांना शिष्यवृत्त्या. म्हणजे पाहुणे यजमान झाले, आणि यजमानाने कोणाकडे बाटली घेऊन जायचं नसतं. तुमच्या लोकांना दोष देत नाही मी. आमच्या गावाचं नाव फलकावर चुकून लागलं असतं, तर पापा इगोनींनी तो रोज धुऊन पुसला असता. पण एवढं भांडून तुमच्या गावाला मिळालं तरी काय? ती पाण्याची टाकी मी पाहिली आहे, तिला नळ नाही. विहिरीवरच्या वायूची ती ज्वाला वर्षानुवर्षं दिवसाढवळ्या जळतेय, आणि तुझ्या स्वयंपाकघरात तू रॉकेलचा दिवा पुसतेस.

सुरुवातीला आम्हीही शहाण्यासारखे अर्ज केले. अर्ज करणाऱ्याला दारात उभं केलं. मग कोणीतरी कंपनीच्या तेलाच्या पाइपाची झडप बंद केली, तर त्याला शहरातल्या हॉटेलात बोलावून कोंबडी खाऊ घातली. पोरं हे बघत होती ना! पोरं काही मूर्ख नाहीत, मूर्ख आपण. पाइप फोडून चोरलेल्या तेलातून बंदुका आल्या. मग कंपनीने पाइपाच्या रखवालीचं काम काढलं, आणि ते कोणाला दिलं? ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त बंदुका त्याला. तुमच्याकडे बंदूकवाल्या पोरांचा एक ‘जनरल’ झाला म्हणून आमच्याकडेही एक हवा झाला. मग सैन्य आलं, तेही बोटीतून, आणि त्यांचीही इंजिनं बिघडली की माझ्याच दारात. कोणाच्या बोटीवर कुठला झेंडा याच्याशी इंजिनाला काय देणंघेणं? ते फक्त तेल पितं. आणि तेही कसलं तेल! आपल्या पायाखाली तेलाची नदी, आणि मी गाळणं घेऊन बसतो, कारण ही पोरं झाडीत पिंपात शिजवलेलं पेट्रोल विकतात, त्याने नळ्यांत डांबरासारखा थर बसतो.

आमचा जनरल तुला ठाऊक आहे. शेजारच्या ओकुबाचा नातू, ज्याचं नाक तू फ्रॉकला पुसायचीस. आता गळ्यात जाड साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा. मागे एकदा इंजिन घेऊन आला. “काका, मध्येच खोकतं हो.” मी म्हटलं, तू शिजवलेलं तुझ्याच इंजिनाला पचत नाही, तर गावाला कसं पचेल? तो हसला, म्हणाला, “काका, तुम्ही फार बोलता. बंदूक माझ्याकडे आहे.” मी म्हटलं, पाना माझ्याकडे आहे, घरी पोहत जायचंय का? त्याचे सोबती हसले. ते इंजिन मी दुरुस्त केलं, पण पुरतं नाही. त्याचा एक भाग बदलायला हवा होता, तो मिळत नव्हता. वेग वाढवला की ते खोकायचंच. दोन वेळा सरळ, मग एक आचका, मग पुन्हा सरळ. कान असलेल्या माणसाला तो आवाज दुसऱ्या कशात मिसळत नाही.

हे कशाला सांगतोय ते पुढे कळेल.

बैठकीनंतर आमच्या मेव्हण्यांचा, तुझ्या इनेमोचा, निरोप आला. बाटली सोडून काहीही मागा. बोकड आणतो, कापड आणतो, तोफेचे बार काढतो, पेटीचा सगळा खर्च करतो, पण बाटली आणणार नाही. मी खवळलो. तुमच्या वडीलधाऱ्यांनी त्याला दम दिलाय हे मला माहीत होतं. ओलोयामाचा जो माणूस केमेबिरीत बाटली नेईल त्याला गावातून काढू, असं तुमच्या देवळासमोर जाहीर झालं, तेही कळलं होतं. तरी मला वाटलं, सासू होती ना त्याची? त्याच्या लग्नात नाचून नाचून जिचा पाय मुरगळला, ती सासू होती ना? पुढच्या बाजारच्या दिवशी मी बोमामावशींसमोर इनेमोच्या नावाने जे काही बोललो ते लिहीत नाही. त्यांनी माशांवरच्या माश्या हाकलल्या, आणि म्हणाल्या, “झालं तुझं? मग निरोपाचा उरलेला अर्धा भाग ऐक. तू ओरडशील म्हणून मी गिळला होता.” तो अर्धा भाग असा होता: माझ्या घरी मयत झालं, तेव्हा तुमच्याकडून बाटली घेऊन कोण आलं होतं?

मी ओरडलो नाही, तारेला. बोमामावशींना आश्चर्य वाटलं.

नोआ. इनेमोचा धाकटा भाऊ, तुझा दीर, पण तू त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलास. हातात बंदूक धरली नाही पोराने कधी. दोन गावांत बोलणं बंद झालं तरी तो वल्हवत माझ्याकडे जाळ्याची शिशाची वजनं ओतून घ्यायला यायचा, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला “बरोबर आहे दादा, पण” म्हणायचा. त्याचा तो ‘पण’ मला इतका झोंबायचा, की आता दुकानात कोणी मला ‘पण’ म्हणत नाही तर करमत नाही. त्या फलकाखाली, कोळंबीच्या धक्क्यावर, भर दुपारी जाळं पसरताना त्याला गोळी लागली. तुमचे म्हणतात आमच्या पोरांनी मारलं. आमचे म्हणतात सैन्याने मारलं. सैन्य म्हणतं तिथे कोणी नव्हतंच.

आणि मयताच्या घरी बाटली न्यायची म्हणजे नुसती बाटली न्यायची नसते. आणणाऱ्याने बसायचं, आणि मरण कसं आलं याबद्दल जे माहीत असेल ते बाटली उघडण्याआधी सांगायचं. मगच ती जमिनीवर ओतायची, मगच प्यायची. पापा इगोनींनी तेव्हा फर्मान काढलं की ओलोयामात बाटली नेणं म्हणजे त्यांना जमिनीचे मालक मानणं, कोर्टात ते आपल्यावर उलटेल. सगळ्यांना पटलं. सोयीचंच होतं. बाटली गेली नाही, म्हणून कोणाला काही सांगावंही लागलं नाही. एका बाटलीच्या भीतीने आम्ही तुझ्या घरचं मरण न बोलता सोडलं, आणि आता त्याच घराकडे बाटली मागतोय, फोटोसकट!

बोमामावशींकडून घरी आलो आणि आईची कपड्यांची ट्रंक उघडली. तिला नेसवायचं कापड काढायचंच होतं, असं स्वतःला सांगत. कापडाखाली जिनची बाटली निघाली, सील न तोडलेली, तिच्या डोक्याच्या रुमालात गुंडाळलेली. माझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, नोआ गेला त्या आठवड्यात आईंनी मागवली. माझ्याकडून नाही, आपल्याकडच्या कोणाकडूनही नाही, बोमामावशींकडून मागवली. आणि म्हणाल्या, पेरेबोचं ओरडून संपलं की तो नेईल. मरेपर्यंत तिने मला विचारलं नाही. रोज जेवताना माझ्याकडे बघायची फक्त, आणि मला वाटायचं, म्हातारी मिठाबद्दल काही म्हणणार आहे.

आता नीट वाच, कारण पत्र यासाठी लिहिलंय. शनिवारी सकाळी भरती चढायला लागली की मी तुमच्या बाजूला येतोय. इंजिन लावणार नाही. इंजिनाचा आवाज आला की तुमची पोरं आधी झाडतात आणि मग विचारतात, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आईच्या जुन्या होडीतून वल्हवत येईन. वल्हं मारून मला किती वर्षं झाली हे तुला माहीत आहे, तेव्हा काठावरून हसू नकोस. पोटापाशी ही बाटली असेल. ती जमिनीची नाही, आईच्या मयताचीही नाही. ती नोआची आहे. इनेमोसमोर बसून मला जे माहीत आहे ते सांगेन. त्या दुपारी मी दुकानाच्या दारात उभा होतो, खाडीच्या तोंडाकडून बोट आली, आणि तिचं इंजिन दोन वेळा सरळ चालून एक आचका देत होतं. सैन्याच्या एकाही इंजिनाला तो खोकला नाही. एवढंच मला माहीत आहे, याहून कमी नाही आणि जास्तही नाही. हे तू त्याला आधी सांगू नकोस, ज्याने बाटली आणली त्यानेच सांगायचं असतं. ऐकून त्याने बाटली घेतली तर चांगलं. माझ्या तोंडावर फेकली तरी तो त्याचा हक्क आहे. आईच्या पायाशी त्याने बाटली ठेवावी म्हणून मी येत नाहीये, ते त्याचं तो बघेल, आणि नाही ठेवली तर तिला तशीच उचलेन, पापा इगोनी काय म्हणतील ते म्हणोत. त्यांच्या वकिलाची काळजी करू नकोस, त्याच्या बोटीचं इंजिन माझ्या दुकानात जमिनीवर सुटं पडलंय आणि शनिवारपर्यंत मला त्याचा एक स्क्रू काही केल्या सापडणार नाहीये. मी परत गेल्यावर ओकुबाचा नातू माझ्याशी कसा वागेल ते मला ठाऊक नाही, तेव्हा माझ्याजवळ जे सांगण्यासारखं होतं ते इथे लिहून ठेवलंय. तू एवढंच कर. शनिवारी आईने दिलेलं निळं कापड नेस आणि धक्क्यावर अगदी पुढे उभी राहा. मला होडी कुठे लावायची ते कळेल, आणि त्या फलकाखाली बंदूक घेऊन बसलेल्यांनाही कळेल की होडीतून येणारा माणूस कोणाच्या घरचा आहे.

तुझाच, अजून ओरडणारा,
पेरेबोदादा